तेढ कोणाकोणात?

समाजगटांत तेढ, द्वेष पसरवण्याबद्दलच्या कलमात ‘भाषा’ हा शब्द मुळात नव्हता. दंडसंहितेत हे कलम, १५३अ, आलं १८९८ साली, तेव्हा त्यात प्रजेचे निरनिराळे ‘वर्ग’ एवढंच होतं. सोबत एक खुलासाही होता: वैमनस्याची कारणं दुष्ट हेतूशिवाय, ती दूर व्हावीत म्हणून कुणी दाखवली, तर गुन्हा नाही. आजच्या कलमात तो खुलासा शोधून सापडत नाही. भाषावार प्रांतरचना १९५६ ची. पाचच वर्षांनी, १९६१ च्या दुरुस्तीत, धर्म-जातीच्या रांगेत भाषा येऊन बसली. इतरत्र हा वकिलांपुरता तपशील. कर्नाटकातल्या बेळगावात मराठी पोवाडा अडतो तो इथेच.

खरा घोळ ‘तेढ’ या शब्दाचा. समजा, शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळ्याच्या वेषातला पोरगा ओरडला, ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ यात तेढ कोणाकोणात? मागणी सरकारकडे, शेजारच्या कानडी दुकानदाराविरुद्ध त्यात अक्षर नाही. या कलमाला किमान दोन समाजगट लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगितलंय. २००७ मध्ये म्हटलं, हेतू दिसायला हवा आणि लिखाण सुट्या ओळींवरून नव्हे, सबंध वाचून जोखावं. पण पोवाड्याचा मजकूर मराठी आणि तो तपासणारा साहेब कानडी असला, की मधला माणूस ‘झालाच पाहिजे’चा तर्जुमा कसा करतो यावर सगळं ठरतं. न्यायालयात पुढे काही का ठरेना, मिरवणूक त्याच रात्री असते. (काही घोषणा खरंच शेजाऱ्यावर असतात, दोन्ही भाषांतल्या. डफ वाजवला म्हणून त्या कला होत नाहीत, हेही खरं.)

१ जुलै २०२४ पासून १५३अ च्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आलं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. मग डिसेंबर २०२५ मध्ये, बेळगावच्याच सुवर्णसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनात, कर्नाटकाचं द्वेषभाषणविरोधी विधेयक मंजूर झालं: पहिल्या गुन्ह्याला एक ते सात वर्षं, तोही अजामीनपात्र. द्वेष कशाकशावरून, त्या यादीत भाषा, निवास, जन्मस्थान आहेतच. साहित्य आणि कलेसाठी सूट ठेवलीय, पण तिथे नावं आहेत ती पुस्तक, पत्रक, चित्र अशांची. शाहिरानं गर्दी बघून ऐन वेळी जोडलेली ओळ यात कुठे बसवायची?