लॅपटॉपला बॅटरी सापडत नाही? नवी मागवण्याआधी एवढं वाचा

दुकानात येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो : "बॅटरी दाखवत नाही, नवी केवढ्याला पडेल?" आम्ही लगेच आकडा सांगत नाही, म्हणून काही जण नाराज होतात. पण 'दाखवत नाही' या एका तक्रारीखाली दोन वेगळे बिघाड येतात. कोपऱ्यातल्या चिन्हावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं येत असेल, तर लॅपटॉपला बॅटरी सापडली आहे, फक्त ती चार्ज होत नाहीये. 'नो बॅटरी इज डिटेक्टेड' येत असेल आणि चिन्हावर लाल फुली असेल, तर बॅटरी बसवलेली आहे हेच लॅपटॉपला कळलेलं नाही. फोन करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, निम्मं बोलणं वाचतं.

बॅटरीच्या डब्यात नुसते सेल नसतात, एक छोटं सर्किटही असतं. किती चार्ज उरला, तापमान किती, हे ते मधल्या बारीक पिनांमधून लॅपटॉपला कळवत राहतं. हा निरोप पोचला नाही, की सेल भरलेले असले तरी लॅपटॉपच्या लेखी बॅटरीच नाही. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत या पिनांवर हिरवट थर चढतो. काढता येणारी बॅटरी असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पिना मऊ ब्रशने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. सँडपेपर नको, स्क्रूड्रायव्हरचं टोक तर अजिबात नको. दोन पिना एकमेकींना टेकल्या तर चांगलं सर्किटही जातं.

दुसरं कारण कपाट. गणपतीत मुंबईची मंडळी घरी येतात आणि वर्षभर पडून असलेला लॅपटॉप बाहेर निघतो. बॅटरी पडून असली तरी हळूहळू उतरतेच. एकेका सेलचा दाब सुमारे अडीच व्होल्टच्या खाली गेला की आतलं सर्किट सुरक्षेसाठी सगळंच तोडतं. अशी बॅटरी चार्जरवर तासभर ठेवल्यावर कधी कधी जागी होते, कधी कायमची गेलेली असते. लॅपटॉपसमोर बसूनच हे करून बघा, रात्रभर लावून झोपू नका.

विंडोज फॉरमॅट करण्याची घाईही नको. लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा : डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, थिंकपॅडला एफ-१. बॅटरीची माहिती तिथे दिसत असेल आणि फक्त विंडोजमध्ये दिसत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज'खालची कंट्रोल मेथड बॅटरीची नोंद काढा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करा. बायोसलाच बॅटरी दिसत नसेल, तर विंडोज दहा वेळा टाकूनही फरक पडणार नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. लोक लॅपटॉपच्या नावावरून ऑनलाइन बॅटरी मागवतात, जुनी भंगारात देतात, नवी लागली नाही की आमच्याकडे येतात. डेलचं 'इन्स्पायरॉन १५ ३०००' हे एका मॉडेलचं नव्हे, अख्ख्या मालिकेचं नाव आहे. त्यातल्या काहींची बॅटरी बाहेरून निघते, काहींची आत बसवलेली असते. नेमकी ओळख जुन्या बॅटरीच्या लेबलवरच्या पार्ट नंबरने पटते. तिथेच व्होल्टही लिहिलेले असतात. १०.८ आणि ११.१ या आकड्यांना घाबरू नका, दोन्हींत तीन सेल ओळीने जोडलेले असतात. १४.४ किंवा १४.८ म्हणजे चार सेल, ती बॅटरी वेगळी, दिसायला तशीच असली तरी. थिंकपॅड टी४३० आणि एक्स२३० पासून पुढे आणखी एक अडचण आहे. हे लॅपटॉप बॅटरीची ओळख तपासतात आणि न पटलेली बॅटरी बसली तरी चार्ज करत नाहीत. जुनी बॅटरी हातात असली, की ती आणि आमच्याकडची चाचणीची बॅटरी आलटून पालटून लावून दोष बॅटरीत आहे की मदरबोर्डवर, हे आम्ही तुमच्यासमोर दाखवतो. ती नसेल तर नुसते अंदाज बांधत बसावं लागतं.

चार्जरचंही तसंच. "चार्जर चांगला आहे, लॅपटॉप त्यावर चालतो" हे आम्ही रोज ऐकतो. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख सांगते. तेवढीच वायर तुटली, तर लॅपटॉप चालतो, पण मंद होतो आणि बॅटरी चार्ज करत नाही. अशा वेळी बदलायचा असतो चार्जर, आणि पैसे जातात बॅटरीवर.

तपासणीचे दोनशे रुपये आम्ही घेतो, त्यावर कुरकुर होते. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. "बॅटरी ठीक आहे, नुसती पिन साफ केली" असं सांगून ग्राहकाला परत पाठवण्याचा तो मोबदला आहे, नाहीतर प्रत्येकाला नवी बॅटरी विकणंच आम्हाला परवडलं असतं. जुन्या डब्यात नवे सेल भरून देण्याचं काम आम्ही करत नाही. स्वस्त पडतं, खरं आहे. पण सेल काढले की पुष्कळ सर्किटं स्वतःला कुलूप लावतात, आणि सेलवर थेट सोल्डरिंग करणं आगीला आमंत्रण आहे.

बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर वरचं काहीच करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि तसाच घेऊन या. गेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, आमच्याकडे ठेवून घेतो, पैसे नाहीत.

येताना लॅपटॉप, त्याचाच चार्जर आणि जुनी बॅटरी, तिन्ही आणा. नेहमीच्या मॉडेलच्या बॅटऱ्या दुकानात असतात, बाकीच्या मागवाव्या लागतात. गणपतीच्या आठवड्यात फोन करूनच या.