गवताच्या पोटातली बुरशी

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे कृषिशास्त्रज्ञ ई. एन. फर्गस यांनी 1931 साली मेनिफी काउंटीतल्या एका शेताच्या डोंगरउतारावरून गवताचं बी गोळा केलं. ऐन हिवाळ्यातही हिरवं राहणारं गवत म्हणून त्याची आसपास ख्याती होती. चाचण्यांनंतर 1943 मध्ये ते ‘केंटकी-31’ नावाने शेतकऱ्यांच्या हाती आलं. टॉल फेस्क्यू जातीचं हे गवत निकस जमिनीत रुजतं, दुष्काळ सोसतं आणि गुरांनी कितीही तुडवलं तरी पुन्हा फुटतं. आज मिसूरीपासून जॉर्जियापर्यंत सुमारे 1.4 कोटी हेक्टरांवर ते पसरलेलं आहे.

पण त्यावर चरणाऱ्या गुरांच्या ते अंगी लागत नव्हतं. भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर हिवाळी केस तसेच राहायचे. दिवसभर ती सावलीत धापा टाकत उभी असायची, नाहीतर तळ्यात शिरायची. चरणं कमी, त्यामुळे वाढ खुंटलेली. थंडीत काहींचे मागचे पाय लंगडायचे, आणि दुखणं वाढलं तर कानांची टोकं, शेपटीचा गोंडा, अगदी खूरसुद्धा गळून पडायचे. गवताचं पृथक्करण केलं तर पोषणमूल्यं उत्तम!

उलगडा 1970च्या दशकात झाला. जॉर्जियातल्या एका पशुपालकाकडे फेस्क्यूची दोन कुरणं होती. एकात गुरं आजारी पडत, दुसऱ्यात धडधाकट राहत, आणि डोळ्यांना गवतात काडीचाही फरक दिसत नव्हता. संशोधक चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा आजारी कुरणातल्या गवताच्या पेशींच्या मधल्या जागेत बुरशीचे धागे सापडले. 1977 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे अलाबामात बुरशी असलेल्या आणि जवळपास नसलेल्या कुरणांवर खच्ची केलेले गोऱ्हे चारले गेले. कमी बुरशीच्या कुरणात त्यांचं वजन दिवसाला साधारण 830 ग्रॅम वाढलं, बुरशीच्या कुरणात 450 ग्रॅम.

ही बुरशी अर्गोव्हॅलिन नावाचं विष तयार करते. आपल्या बाजरीच्या कणसावर येणारी अरगट रोगाची बुरशीही याच कुळातली. अर्गोव्हॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. उन्हाळ्यात कातडीकडे रक्त कमी आलं की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. हिवाळ्यात तेच रक्त खुरापर्यंत पोचत नाही. शिवाय प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटतं, म्हणून केस झडत नाहीत आणि दूधही आटतं.

पशुपालकाला सर्वांत मोठा फटका बसतो तो प्रजननात. आपल्याकडे गाईचा हिशोब दुधावर मांडतात. मांसासाठी पाळलेल्या कळपात दूध सगळं वासराचं, आणि उत्पन्न म्हणजे विकलेल्या वासराचं वजन. गाय सुमारे 283 दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू हवं, तर व्यायल्यापासून 82 दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. वसंताच्या अखेरीस फेस्क्यूला तुरे येतात आणि तुऱ्यात विष सर्वाधिक असतं. नेमका तोच काळ वसंतात व्यालेल्या गाईंमध्ये वळू सोडण्याचा! उष्णतेने बेजार झालेल्या गाई गाभण राहत नाहीत आणि भाकड म्हणून विकाव्या लागतात. 1993च्या एका अंदाजात मांस उत्पादकांचं हे नुकसान वर्षाला 60 कोटी डॉलरहून अधिक होतं.

उपाय सोपा वाटला. ही बुरशी एका रोपातून शेजारच्या रोपात जात नाही, फक्त बियांतून पुढच्या पिढीत उतरते. बी वर्षभराहून अधिक काळ साठवून ठेवलं की बुरशी मरते, बी मात्र उगवतं. अशा बुरशीमुक्त गवतावर गुरं छान पोसली. पण एक-दोन कडक उन्हाळ्यांत ती कुरणंच विरळ होऊन गेली. कीड आणि दुष्काळ यांच्यापुढे टिकण्याचं केंटकी-31चं बळ बरंचसं त्या बुरशीचंच होतं. मला या साऱ्या कथेतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

मग न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या रानटी फेस्क्यूमधून अर्गोव्हॅलिन न बनवणारी बुरशी निवडली. जॉर्जिया विद्यापीठाचे जो बाउटन यांनी त्यांच्यासोबत ती चांगल्या वाणात वसवली आणि 2000 साली हे बियाणं बाजारात आलं. गवत टिकतं आणि गुरंही निरोगी राहतात.

तरीही बहुतेक कुरणांत जुनंच गवत आहे, कारण कुरण बदलायचं म्हणजे खर्च आणि काही महिने चराई बंद. तोवर चांगले पशुपालक निगराणीवर भर देतात. क्लोव्हरसारखं द्विदल पेरून विषाचं प्रमाण पातळ करतात, तुरे दिसताच कापतात, आणि गाई शरद ऋतूत विणाऱ्या ठेवतात, म्हणजे वळू सोडायची वेळ थंडीत येते. कुरण राखून हिवाळ्यात चारण्याची रीतही चांगली, कारण हिवाळा सरत जाईल तसं उभ्या गवतातलं विष घटत जातं. माझ्या मते कमी भांडवलाच्या माणसाने सुरुवात शरदातल्या वेतापासून करावी, त्यात कुरणाला हातही लावावा लागत नाही.

ज्यांना कुरण बदलायचंच आहे, ते वसंतात तुरे धरू देत नाहीत, तणनाशक फवारतात, उन्हाळ्यात दाट पीक घेऊन जुन्या गवताला डोकं वर काढू देत नाहीत, पुन्हा फवारतात आणि शरदात नवं बी पेरतात. त्या उन्हाळी पिकासाठी बाजरी तिथे आवडीने लावतात. नवं कुरण तयार झाल्यावर जुन्या कुरणातली गुरं थेट त्यात सोडत नाहीत. दोन-तीन दिवस त्यांना स्वच्छ चाऱ्यावर बांधून ठेवतात, कारण पोटात गेलेलं जुनं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि नव्या जमिनीत रुजतं.