कोल्ड रूम आणि प्रोसेस लोडचं मॉडेल लीडच्या रिव्ह्यूतून परत का येतं

गेल्या काही महिन्यांत सोलापूरच्या चिंचोळी, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतींकडून एकच प्रश्न येतोय, की ऑफिस, पॅकहाऊस आणि कोल्ड रूम एका छताखाली आहे, लीड या हरित इमारतीच्या प्रमाणपत्रासाठी एनर्जी मॉडेल (इमारत वर्षभरात किती ऊर्जा खाईल याचं कॉम्प्युटरवरचं गणित) दिलं आणि ते तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने प्रोसेस लोडवर, म्हणजे माणसांच्या सोयीसाठी नाही तर माल-मशीनसाठी लागणाऱ्या ऊर्जेवर, शेरा मारून परत पाठवलं, आता काय करायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पात्रतेचं फार काही नाही. बिल्डिंग किमान 1,000 चौरस फूट पाहिजे, आणि मुख्य वापर माल साठवायचा असेल तर वेअरहाऊसची कॅटेगरी आहे. एनर्जीची अट सिम्युलेशनने दाखवायची तर ॲश्रे 90.1 या अमेरिकन ऊर्जा-मानकाचं अपेंडिक्स जी लागतं, म्हणजे तुमची बिल्डिंग एकीकडे आणि बेसलाइन, म्हणजे नियमाप्रमाणे धरलेली तुलनेची बिल्डिंग, दुसरीकडे, दोन्ही वर्षाचे 8,760 तास चालवून बघायच्या. लीड व्ही4 च्या मूळ नियमात नवीन बिल्डिंगला किमान 5 टक्के सुधारणा दाखवायची अट होती.

आता पहिली मेख. 90.1 ची कुठली आवृत्ती लागू, हे प्रोजेक्ट लीडच्या कुठल्या आवृत्तीत रजिस्टर झालंय त्यावर ठरतं, फाइल कधी अपलोड केली त्यावर नाही. व्ही4 असेल तर 90.1 ची 2010 ची आवृत्ती, तिथे तुमचं रेफ्रिजरेशन प्रोसेसमध्ये जातं आणि दोन्ही मॉडेलमध्ये सारखंच ठेवायचं. व्ही4.1 असेल तर 2016 ची, तिथे डिस्प्ले केस आणि रेडिमेड फ्रिज-फ्रीझरसाठी बेसलाइनची टेबलं दिलीत. पण खुश होऊ नका, आपल्याकडे पफ पॅनल (आत फोम भरलेले पत्रे) जोडून उभी करतात ती कोल्ड रूम त्या टेबलात बसत नाही, ती परत दोन्हीकडे सारखीच. लोक 2016 चं टेबल 2010 च्या प्रोजेक्टला लावतात, बेसलाइनला जुनाट कंप्रेसर देतात आणि वीस टक्के बचत दाखवतात, मग शेरा येणारच की.

दुसरी मेख सॉफ्टवेअरची. कोल्ड रूम साध्या एसी झोनसारखी टाकून थर्मोस्टॅट 4 डिग्रीला लावला, तर बेसलाइन तयार होताना त्या खोलीलाही ऑफिसचीच एसी सिस्टीम लागते, अनमेट अवर्स (ठरवलेलं तापमान गाठता न आलेले वर्षातले तास) 300 च्या मर्यादेवर जातात आणि मॉडेल तिथेच अडकतं. ही थंडी माणसांसाठी नाही, मालासाठी आहे, म्हणून ती प्रोसेस. एनर्जीप्लस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये वॉक-इन (आत चालत जाता येईल अशी कोल्ड रूम) आणि कंप्रेसर रॅकची वेगळी सोय आहे, ती वापरा. आणि कंडेन्सर (खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) कुठे बसलाय ते लिहा, तो हॉलच्या आत असेल तर सगळी गरम हवा हॉलमध्ये आणि भार एसीवर, गच्चीवर असेल तर नाही. ड्रॉइंगमध्ये एक आणि मॉडेलमध्ये दुसरं, हे तर मी दर दुसऱ्या फाइलीत बघतो.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो. रिव्ह्यूअर विचारतो, किलोवॅटचा आकडा कुठून आणला? आपल्याकडे कोल्ड रूम लोकल फॅब्रिकेटर बनवून देतो, डेटाशीट मागितली तर तो व्हॉट्सॲपवर नेमप्लेटचा फोटो पाठवतो, तोही तिरका. माझंच सांगतो, सुरुवातीला मी एका कामात 15 किलोवॅटचे चार कंप्रेसर नेमप्लेटवरून चोवीस तास चालवले, सव्वापाच लाख युनिट आले, आणि मालकाच्या तसल्याच जुन्या युनिटचं अख्खं बारा महिन्यांचं महावितरणचं बिल त्याच्या निम्म्यावरही नव्हतं. रिव्ह्यूअरने ते बरोबर पकडलं.

यावर उपाय असा. फोटोतून कंप्रेसरचा मॉडेल नंबर वाचा, बहुतेक कंप्रेसर कंपन्यांचं सिलेक्शन सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तुमचं इव्हॅपोरेटिंग (आतल्या थंड कॉइलचं) आणि कंडेन्सिंग (बाहेर उष्णता टाकणाऱ्या कॉइलचं) तापमान टाकून निघालेला कागद जोडा. बाहेरचं 35 डिग्री धरून दिलेला आकडा चालवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि तेवढीच थंडी द्यायला कंप्रेसर जास्त वीज खातो. मग मालाचा भार हाताने काढा. समजा 10 टन डाळिंब 32 डिग्रीवरून 7 वर आणायचंय, विशिष्ट उष्णता साधारण 3.6 धरली तर 9 लाख किलोज्यूल, म्हणजे 250 युनिट उष्णता, चोवीस तासांत काढायची तर जवळपास 3 टन रेफ्रिजरेशन (हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप, वजन नाही) नुसत्या फळाला. क्रेट, फळाची स्वतःची उष्णता, दार उघडझाप वेगळी. इव्हॅपोरेटरचे पंखे आणि डीफ्रॉस्टचे, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवायचे, हीटर हमखास विसरतात, ते आतच उष्णता सोडतात.

शेड्यूल पण बारा महिने सपाट ठेवू नका. बेदाणा मार्च-एप्रिलपासून येतो, नेमका उन्हात, डाळिंब बहाराप्रमाणे. मालकाकडची आवक वही स्कॅन करून लावली तरी चालते, वहीला लाजू नका, इंग्रजीत चार ओळींचा सारांश जोडला की झालं.

खरंच चांगली सिस्टीम बसवलीय आणि बचत मागायचीच आहे, तर एक्सेप्शनल कॅल्क्युलेशनचा, म्हणजे नेहमीच्या नियमाबाहेरचं वेगळं गणित मांडायचा, रस्ता आहे. त्यात तुमची मशीन नेहमीच्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे हे सिद्ध करावं लागतं, एकतर अलीकडचा छापील अभ्यास, नाहीतर वीज कंपनीची प्रोत्साहन योजना, नाहीतर गेल्या पाच वर्षांत बांधलेल्या तसल्याच इमारतींत काय बसवलंय त्याची माहिती. पहिल्या दोन गोष्टी सोलापुरात बसून शोधणं म्हणजे वेळ घालवणं. तिसरीसाठी आजूबाजूच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे चहाला जावं लागतं, आणि ते लगेच विचारतात, इन्कम टॅक्सवाले नाही ना ओ तुम्ही? पत्र घेऊन जा, लेटरहेडवर, त्यांचा मशीनचा तपशील सहीसकट मागा. हे काम फाइल परत आल्यावर सुरू केलं तर फार पळापळ होते.

टॉवेल कारखानेवाल्यांसाठी एक ओळ, लूमच्या मोटरची उष्णता शेडमध्येच राहते आणि डाइंगचा बॉयलर जे इंधन खातो तेही प्रोसेसमध्ये दाखवायचं असतं, नुसती वीज नाही.

हां, आणि वेदर फाइल, म्हणजे मॉडेलला द्यायची गावाच्या वर्षभराच्या हवामानाची फाइल. बरेच जण सापडली नाही म्हणून पुण्याची लावतात. आपली आहे, इश्रे या भारतातल्या एसी-रेफ्रिजरेशन इंजिनिअरांच्या संस्थेच्या यादीत. फक्त स्पेलिंग इंग्रजांच्या काळातलं, शोलापूर, म्हणून ‘सोलापूर’ टाकून शोधलं की दिसत नाही.