संतुलित अभ्यासगट (गणिती रचना)

गुण, कौशल्ये, भाषा, मोकळा वेळ अशा निकषांवर कोणताही गट फार वरचढ किंवा फार दुबळा ठरणार नाही, अशा बेताने इष्टतमीकरणाचे (अटी पाळून सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचे) गणित वापरून केलेली विद्यार्थ्यांची गटवाटणी.

20 विद्यार्थ्यांचे चार-चारांचे पाच गट सुमारे 255 कोटी प्रकारे पडतात. 24 जणांचे सहा गट करताना हा आकडा साडेचार लाख कोटींवर जातो. म्हणून शिक्षक सहसा नागमोडी क्रम वापरतात. दोनच गट करायचे असतील, तर गुणानुक्रमे पहिला अ गटात, दुसरा-तिसरा ब गटात, चौथा-पाचवा पुन्हा अ गटात, सहावा ब गटात. पद्धत सोपी, पण फसवी. गुण 95, 70, 60, 50, 45, 40 असतील, तर गटांच्या बेरजा 190 आणि 170 येतात. 95, 45, 40 एकत्र घेतले की दोन्हीकडे नेमके 180.

मात्र या बरोबरीतही खोट आहे. एका गटात एक हुशार आणि दोघे मागे पडलेले, दुसऱ्यात तिघेही मधले. सरासरी जुळली, घडण जुळली नाही. ‘संतुलन’ म्हणजे काय हे शिक्षकानेच ठरवायचे असते. गणित सांगितले तेवढेच करते.

इंटिजर प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे पूर्णांक किंमतींचे चल घेऊन केलेल्या इष्टतमीकरणात, प्रत्येक विद्यार्थी-गट जोडीसाठी 0 किंवा 1 किंमतीचे चल घेतात. प्रत्येकाला एकच गट आणि गटाची ठरलेली संख्या या अटी पाळून गटांमधला सर्वांत मोठा फरक कमीत कमी करतात. दिलेल्या संख्यांचे सारख्या बेरजांचे दोन भाग पडतात का, हा साधा वाटणारा प्रश्नही संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्या 1972 च्या 21 एनपी-पूर्ण प्रश्नांत आहे, म्हणजे ज्यांची झटपट उकल करणारी सर्वसाधारण रीत माहीत नाही अशा प्रश्नांत. वर्ग मोठा, निकष अनेक असले की दोन विद्यार्थ्यांची अदलाबदल करून पाहायची, सुधारणा झाली तर ती ठेवायची, अशी स्थानिक शोधाची पद्धत व्यवहारात पुरते. अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणातून पुढे आलेली ‘कॅटमी’ ही गट पाडणारी संगणक प्रणाली याच जातीची. त्यात निकषांना भारांक (कमी-अधिक महत्त्व) देता येतात. एखाद्या गटात एकटीच मुलगी पडू नये अशी अटही घालता येते, आणि ती सरासरीच्या दशांशांपेक्षा महत्त्वाची.

सत्रभर गट बदलत ठेवायचे असल्यास प्रश्न वेगळा होतो: त्याच जोड्या पुन्हा एकत्र येऊ नयेत. इंग्लिश गणिती थॉमस कर्कमन यांचे 1850 मधील कोडे त्याच घराण्यातले: 15 मुली रोज तिघी-तिघींच्या रांगांत चालतात, सात दिवसांत प्रत्येक जोडी नेमकी एकदाच एका रांगेत यावी. अशी रचना शक्य आहे.