औषधाच्या बाटलीआधी पाण्याची टाकी बघा
(ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी)

मरतूक वाढली की फोन येतो, "कोणतं अँटिबायोटिक देऊ?" औषध आम्हीच विकतो, तरी आमचा उलट प्रश्न ठरलेला: टाकी कधी घासली होती?

मेलेला पक्षी उघडल्यावर हृदयावर, यकृतावर पिवळट-पांढरा थर दिसला तर बहुधा ई. कोलाय. हा जंतू पक्ष्याच्या आतड्यात असतोच. विष्ठेतून तो पाण्यात, गादीत (शेडमध्ये अंथरलेल्या तुसात) उतरतो आणि अमोनियाने (ओल्या गादीतून उठणाऱ्या उग्र वायूने) किंवा सीआरडीने (कोंबड्यांच्या श्वासाच्या जुनाट आजाराने) श्वासनलिका दुखावली की आत शिरतो.

हजार लिटर पाण्याला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण 10 ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबूनच निपल लाइन (पक्ष्यांना पाणी पाजणारी नळी) सोडा. पुडी उघडी पडून ओलावली असेल तर तिच्यात दम उरत नाही, फेकून द्या. पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत ब्लीचिंग पावडर (क्लोरीन) पूर्ण बंद. नाहीतर लसच मरते.

बॅच गेल्यावर निपल लाइनच्या टोकाचं बूच काढून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचाच थर आहे, नुसत्या पाण्याने निघत नाही. लाइनसाठीचं हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवरच्या मापाने भरून ठेवा, मग खळखळून धुवा.

गादीचं तूस मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा फुटलाच नाही तर ओल जास्त. निपलखालचा ओला पट्टा तर रोजच काढायला हवा. थंडीत ऊब टिकावी म्हणून रात्रभर पडदे गच्च लावले जातात, आणि खरी गडबड तिथेच होते. सकाळी शेडमध्ये उकिडवं बसून पिल्लाच्या उंचीवर वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लं रात्रभर तेच हुंगत होती. पडदा वरून वीतभर उघडा ठेवा.

अँटिबायोटिक आम्ही पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच देतो. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मागू नका. माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर 2019 पासून केंद्राची बंदी आहे. औषध दिल्यावर विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं. व्यापारी दारात उभा असला तरी तेवढे दिवस माल सोडू नका.

मेलेले पक्षी बांधावर टाकू नका, कुत्री तेच शेजारच्या शेडपर्यंत नेतात. खोल खड्डा, वर चुना. तपासणीला पक्षी आणायचा तर ताजा मेलेला, पिशवीत बांधून बर्फावर ठेवलेला, आणि औषध सुरू करण्याआधी.