सोलापूर जिल्ह्यातून ईसीएचएस कार्डाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

माजी सैनिकाचा ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची वर्गणीवर चालणारी आरोग्य योजना) कार्डाचा अर्ज परत आला की कारण बहुधा एकच निघते: नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. पात्रता असते, पेन्शन चालू असते, पैसेही भरलेले असतात, पण डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) तिसरेच. त्यामुळे आधी घरातली कागदपत्रे टेबलावर मांडून एकमेकांशी ताडून बघा, संगणकासमोर नंतर बसा. खाली दिलेली माहिती त्याच क्रमाने घेतली तर हेलपाटे वाचतील.

कोणते काम कोणाकडे

सोलापूर ही छावणी नाही. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी इथे छावण्या आहेत. या भागातली लष्करी व्यवस्था पुण्याच्या दक्षिण कमांडच्या अखत्यारीत येते. 1895 मध्ये स्थापन झालेल्या या कमांडच्या लढाऊ तुकड्या कोअरच्या हाताखाली असतात आणि ठाणी सांभाळायची साखळी वेगळी असते: कमांड, एरिया, सब एरिया आणि सर्वांत खाली स्टेशन हेडक्वार्टर. ठाण्यातल्या इमारती आणि पाणी-वीज मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस बघते, शिधा आर्मी सर्व्हिस कोअर पुरवते. स्टेशन हेडक्वार्टर या सगळ्याचा स्थानिक मेळ घालते आणि माजी सैनिकांची पॉलिक्लिनिकेही चालवते. सोलापूरचे पॉलिक्लिनिक याच साखळीतले.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ईसीएचएस कार्डाची पडताळणी स्टेशन हेडक्वार्टर करते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे राज्य शासनाचे कार्यालय आहे. तिथे माजी सैनिकाचे किंवा विधवा पत्नीचे ओळखपत्र, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती आणि रेकॉर्ड ऑफिसला जाणाऱ्या अर्जांवरची शिफारस ही कामे होतात. पेन्शनची रक्कम आणि पीपीओ हे प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाचे काम, ते आता ‘स्पर्श’ प्रणालीतून चालते. नाव, जन्मतारीख आणि कुटुंबाची नोंद मात्र तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच असते. काही जण पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने थेट पुण्याला कमांडच्या मुख्यालयाकडे जातात. कमांडचे मुख्यालय एकेकाचे कार्ड करून देत नाही. तो दिवस वाया जातो.

पात्रता

मूळ अट सोपी आहे: माजी सैनिक असणे आणि सेवानिवृत्ती, अपंगत्व किंवा कुटुंब पेन्शन मिळत असणे. योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. त्यानंतर पेन्शनवर आलेल्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे आणि वर्गणी निवृत्तीच्या हिशेबातच कापली जाते. ती कापल्याची नोंद पीपीओवर असते. ती ओळ शोधून खूण करून ठेवा, अपलोड करताना हेच पान लागते.

एकरकमी वर्गणी हुद्द्याप्रमाणे आहे. डिसेंबर 2017 च्या दरांनुसार शिपाई ते हवालदार 30,000 रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर आणि ऑनररी कमिशन मिळालेले 67,000 रुपये, अधिकारी 1,20,000 रुपये. रुग्णालयातला वॉर्डही त्याच क्रमाने: जनरल, सेमी प्रायव्हेट, प्रायव्हेट. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरमरण आलेल्यांच्या पत्नींना वर्गणी माफ आहे.

जुन्या पेन्शनधारकांपैकी काहींना दरमहा 1,000 रुपये फिक्स्ड मेडिकल अलाउन्स मिळतो. तो आणि ईसीएचएस दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. पेन्शन स्लिपवर हा भत्ता दिसत असेल तर तो बंद करून मगच अर्ज करा. तसेच पुढे कार्ड मिळूनही भत्ता चालू राहिला तर वसुली लागते.

अग्निवीर म्हणून चार वर्षे पूर्ण करून परतणाऱ्या मुलांच्या घरी सध्या बराच गैरसमज आहे. अग्निपथ योजनेच्या अटींप्रमाणे या चार वर्षांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. पुढे नियमित सेवेत घेतलेल्यांची गोष्ट वेगळी.

कुटुंबात कोण बसते

पत्नी किंवा पती. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, पण त्याआधी कमावता झाला किंवा लग्न झाले तर तेव्हापर्यंतच. मुलीला वयाची अट नाही. लग्न होईपर्यंत किंवा ती कमावती होईपर्यंत ती बसते, आणि घटस्फोटित किंवा विधवा होऊन वडिलांवर अवलंबून असेल तर पुन्हा बसते. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले, स्वतः कमवू न शकणारे अपत्य वय उलटले तरी चालते. त्यासाठी शासकीय अपंगत्व प्रमाणपत्र लागते, खासगी डॉक्टरचा दाखला चालत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत मासिक उत्पन्न 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढ्या मर्यादेत हवे. सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न यात धरले जाते. माळशिरस, माढा, पंढरपूर भागात वडिलांच्या नावावर ऊस असतो आणि कारखान्याचे बिल वर्षातून एक-दोन हप्त्यांत येते. ते बाराने भागून महिन्याचा आकडा काढा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रातला आकडा एकच असायला हवा. घाईत दाखल्यावर एक आणि प्रतिज्ञापत्रात दुसरा आकडा पडला की अर्ज परत फिरतो.

कागदपत्रे

डिस्चार्ज बुक (कुटुंबाच्या नोंदीच्या पानांसह), मूळ पीपीओ आणि नंतर निघालेले सगळे कॉरिजेंडम (दुरुस्तीचे) पीपीओ, सर्वांचे आधार, पॅन, पेन्शन खात्याचा रद्द केलेला धनादेश, प्रत्येकाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि 18 वर्षांवरील मुलांसाठी अविवाहित व बेरोजगार असल्याचे प्रतिज्ञापत्र. विधवा पत्नी अर्ज करत असतील तर पतीचा मृत्यूदाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ.

स्कॅन सपाट ठेवून करून घ्या. मोबाईलने काढलेल्या तिरक्या फोटोत डिस्चार्ज बुकाची शिवणीजवळची अक्षरे गडप होतात, आणि पार्ट टू ऑर्डरचा (कुटुंबाच्या नोंदीचा किंवा त्यातल्या बदलाचा लष्करी आदेश) क्रमांक बऱ्याचदा नेमका तिथेच लिहिलेला असतो.

नाव आणि जन्मतारीख: आधी हे दुरुस्त करा

सोलापूर जिल्ह्यात ही अडचण जास्त दिसते, त्याला कारणे आहेत. लग्नात नाव बदलण्याची रीत अजून आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कन्नड नावे आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू नावे भरतीच्या वेळी हिंदी कारकुनाने ऐकू आली तशी लिहिली. समजा, 1988 मध्ये डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव ‘मल्लवा’ पडले, माहेरच्या नावाने. आधारवर ‘मल्लम्मा’ आहे. बँकेत आणि रेशनकार्डवर सासरचे ‘सुनंदा’. गावात कोणालाही विचारा, बाई एकच. पडताळणी करणाऱ्या कारकुनासमोर मात्र तीन बायका उभ्या राहतात, आणि तो अर्ज पुढे पाठवूच शकत नाही.

जन्मतारखेचेही तसेच. ज्यांच्याकडे दाखला नव्हता त्यांच्या आधारवर 1 जानेवारी पडली. डिस्चार्ज बुकात लग्नाच्या वेळचे अंदाजे वर्ष आहे. दोन्हीत चार-पाच वर्षांचा फरक निघतो.

इथे ठरवायचे असते ते हे, की कोणता कागद बदलायचा. फरक एखाद्या अक्षराचा असेल आणि रेकॉर्ड ऑफिसची नोंद योग्य असेल, तर आधार दुरुस्त करणे सर्वांत जलद. नाव संपूर्ण वेगळे असेल तर रेकॉर्ड ऑफिसमधली नोंद बदलावी लागते, आणि त्याला काही महिने धरून चाला. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत (एक इंग्रजी, एक मराठी) दिलेल्या जाहिरातींची मूळ कात्रणे, आधार, पॅन, पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि अर्ज हे सगळे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्यासह पाठवायचे. राजपत्रात नावबदल केलेला असेल तर त्याची प्रतही जोडा. प्रतिज्ञापत्रात जुने आणि नवे नाव अक्षर न् अक्षर कागदांप्रमाणे लिहा आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ हे वाक्य असू द्या. इंग्रजी स्पेलिंगही प्रतिज्ञापत्रात घाला. मराठीत सारखे दिसणारे नाव इंग्रजीत एका अक्षराने चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, ईएमईचे सिकंदराबादला आहे. नौदलाच्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला चालते. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ क्रमांक पहिल्याच ओळीत हवेत. पाठवणी स्पीड पोस्टने करा, पावती जपून ठेवा.

रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढते. त्यानंतर पीपीओ दुरुस्त होतो आणि ‘स्पर्श’वर नवे नाव दिसू लागते. तिथे दिसल्याशिवाय कार्डाचा अर्ज भरू नका. पार्ट टू ऑर्डरची प्रत हातात आली म्हणून लगेच भरलेले अर्ज पीपीओशी न जुळल्याने परत येतात. हे काम सैनिक हयात असताना करून घेणे फार सोपे आहे. ते गेल्यावर हेच नाव कुटुंब पेन्शनसाठीही अडते, आणि तेव्हा धावपळ करायला घरात बहुधा पत्नी एकट्याच असतात.

अर्ज

ईसीएचएसच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करायची. आधारशी जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. प्राथमिक सदस्याची माहिती, मग अवलंबितांची, मग फोटो आणि कागद. पालक पॉलिक्लिनिक म्हणून सोलापूर निवडा. कार्ड देशभरातल्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते, त्यामुळे मुलाकडे पुण्याला राहणे होते म्हणून पुणे निवडायची गरज नाही.

महा ई-सेवा केंद्रातून अर्ज भरत असाल तर मोबाईल क्रमांक आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. केंद्रचालकाचा क्रमांक पडला की ‘त्रुटी दुरुस्त करा’ हा संदेश त्यालाच जातो आणि अर्ज पडून राहतो. ऑनलाइन पडताळणी झाली की कार्ड छापायला जाते. कार्ड येईपर्यंत तात्पुरती स्लिप मिळते, तीवर उपचार घेता येतात. कार्ड आल्यावर ते पॉलिक्लिनिकमध्ये चालू करून घ्या. जुने कार्ड असेल तर ते परत द्यायचे असते.

कार्ड हातात आल्यावर

नेहमीची वाट अशी: पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना दाखवणे, गरज असेल तर रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी), मग पॅनेलवरचे, म्हणजे योजनेशी करार असलेले रुग्णालय. रेफरलवरची तारीख आणि कशासाठी पाठवले आहे ते दारातच वाचा. हृदयाच्या तपासणीसाठी दिलेल्या रेफरलवर गुडघ्याचे ऑपरेशन होत नाही. पॅनेलवरचे रुग्णालय सदस्याकडून पैसे मागू शकत नाही. औषध शिल्लक नसेल तर ते उपलब्ध नसल्याची नोंद करून घ्या. ती नोंद नसेल तर बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे मिळत नाहीत.

तातडीच्या वेळी रेफरलसाठी थांबू नका. रात्री मंगळवेढ्यात छातीत कळ आली तर जवळचे रुग्णालय गाठा. ते पॅनेलवर असेल तर कार्ड दाखवा, पॉलिक्लिनिकला कळवणे ही त्यांची जबाबदारी. ते पॅनेलवर नसेल तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवणे तुमच्यावर येते. फोनवर सांगितलेत तरी लेखी पोच घ्या. प्रकृती सावरल्यावर रुग्णाला पॅनेलवरच्या रुग्णालयात हलवायचे असते.

तिथला खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो आणि परतावा सरकारी ठरीव दरानेच मिळतो, बिल कितीही असो. दाव्याला मूळ बिले आणि पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, ‘रुग्ण तातडीच्या अवस्थेत आला’ असे रुग्णालयाचे प्रमाणपत्र, कार्डाची प्रत आणि रद्द धनादेश लागतो. स्टेंट घातला असेल तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर आणि खरेदीचे बिल डिस्चार्ज घेतानाच मागून घ्या. महिन्याभराने परत गेलात तर स्टिकर बहुधा मिळत नाही आणि त्या रकमेला कात्री लागते.

कार्ड हरवले तर पोलिसांत नोंद करा आणि पॉलिक्लिनिकला लगेच सांगा, म्हणजे ते बंद करता येते. मुलाला नोकरी लागली किंवा मुलीचे लग्न झाले तर त्यांचे कार्ड स्वतःहून परत करा. अपात्र माणसाने कार्ड वापरल्याचे आढळले तर मूळ सदस्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. सदस्याच्या निधनानंतर पत्नी प्राथमिक सदस्य होतात. मृत्यूदाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ लावून त्यांनी नव्या कार्डासाठी अर्ज करायचा, वर्गणी पुन्हा भरायची नसते.