सांबर आणि जेली बुरशी: जेवण तिसऱ्याच्याच हातचं

पावसात भिजलेल्या वाळक्या फांदीच्या सालीतून कधी कधी पिवळाधमक, सुरकुतलेला गोळा बाहेर आलेला दिसतो. बोटानं दाबला तर बुळबुळीत लागतो, थुलथुलतो. ही ट्रेमेला मेसेंटेरिका, एक जेली बुरशी. ऊन पडलं की ती आक्रसते आणि फांदीवर नारिंगी पापुद्रा तेवढा उरतो. पुन्हा सर आली की पाणी पिऊन फुगते आणि बीजाणू सोडू लागते.

तिच्याशेजारी 200 किलोंचं सांबर उभं करा. त्याला खूर आणि शिंगं, हिला ना तोंड ना पोट. तरी नात्यानं ही बुरशी झाडापेक्षा सांबराला जवळची. प्राणी आणि बुरश्या यांचा सामाईक पूर्वज सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीचा. वनस्पतींची वाट त्याआधीच वेगळी झाली होती. साखरेचा साठासुद्धा बुरशी झाडासारखा स्टार्चच्या रूपात करत नाही, सांबराच्या यकृतात असतो तसा ग्लायकोजेनच्या रूपात करते.

मला जास्त नवल वाटतं ते दोघांच्या जेवणाचं. बघणाऱ्याला वाटतं, बुरशी लाकूड खाते आणि सांबर पाला. पण फांदी कुजवत असते पेनिओफोरा नावाची दुसरीच बुरशी. ट्रेमेला तिच्या तंतूंना चिकटते आणि तिचं अन्न ओढून घेते.

सांबराचंही तसंच. पाल्यातलं सेल्युलोज तोडणारं विकर त्याच्या शरीरात बनतच नाही. घास कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जातो. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, ऊब 39 अंशांच्या आसपास, आणि सूक्ष्मजीवांची ही दाटी! ते पाला आंबवतात, त्यातून निघणारी आम्लं रक्तात शिरतात, आणि सांबराची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते.

त्या दाटीत बुरश्याही असतात. शेपटी हलवत पोहणारे त्यांचे बीजाणू पूर्वी आदिजीव, म्हणजे अमीबासारखे एकपेशीय जीव, म्हणूनच ओळखले जात. 1975 साली संशोधक कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोटीपोटातले असे जीव बुरशीचे असल्याचं दाखवलं. प्रत्येक बुरशीला प्राणवायू लागतोच, अशी तोवर समजूत होती. पुढे हरणांतही त्या सापडल्या. त्यांचे तंतू गिळलेल्या काडीत घुसून ती आतून उसवतात, मग जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते.

फांदीवरच्या पेनिओफोराच्या पदरात ट्रेमेलाकडून काहीच पडत नाही. सांबराच्या पोटातल्या बुरशीला निदान ऊब, ओल आणि ताजा घास मिळत राहतो. मात्र तिच्यातली जी पुढच्या कप्प्यात वाहत जाते, ती सांबर पचवून टाकतं.